नवऱ्याचं शिक्षण आणि बायकोचं बाळंतपण



"मुलगी शिकली, प्रगती झाली" ही घोषणा आपल्या बहुतेक शाळांच्या भिंतीवर रंगवलेली आहे आणि ती खरीही आहे. शिकलेली आई स्वतःची आणि लेकरांची काळजी जास्त चांगली घेते. १९७९ साली जॉन कॉल्डवेल या अभ्यासकाने नायजेरियातील माहितीवरून आईचं शिक्षण आणि बालमृत्यू यांचा संबंध दाखवला, आणि तेव्हापासून जगभर हा विषय अभ्यासला गेला. पण वर्गात मुलींच्या शेजारच्या रांगेत मुलगेही बसलेले असतात. त्यांच्या शिक्षणाचा त्यांच्या होणाऱ्या बायकोच्या तब्येतीशी काही संबंध आहे का? बायकोच्या बाळंतपणात नवऱ्याचं शिक्षण कुठे उपयोगी पडतं आणि कुठे कमी पडतं? आजच्या लेखात हेच समजून घेऊ.

आधी परिस्थिती पाहू

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रियांचा गरोदरपणात किंवा बाळंतपणात मृत्यू झाला. म्हणजे रोज ७०० पेक्षा जास्त. यातल्या दहापैकी नऊ मृत्यू गरीब आणि विकसनशील देशांत झाले. मुख्य कारणं आपल्याला माहीत असलेलीच आहेत : अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग. यांतले बहुतेक मृत्यू वेळेवर उपचार मिळाले तर टळू शकतात.

महाराष्ट्राची स्थिती देशाच्या मानाने चांगली आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. मग काळजी कशाची? त्याच सर्वेक्षणात आणखी तीन आकडे आहेत. राज्यातल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के रक्तक्षयी होत्या. चार किंवा जास्त तपासण्या झालेल्या माता ७० टक्केच होत्या. आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

म्हणजे बाळंतपणासाठी बाई दवाखान्यापर्यंत पोहोचते आहे, पण त्याआधीचे नऊ महिने आणि नंतरचा दीड महिना घरात जातो. तिथे डॉक्टर नसतात, घरची माणसं असतात. नवऱ्याचं शिक्षण कामाला येतं ते इथे.

तीन उशीर

मातामृत्यू समजून घेण्यासाठी थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये एक सोपी मांडणी केली. तिला 'तीन उशीर' म्हणतात.

पहिला उशीर : दवाखान्यात जायचं हे ठरवण्यात होणारा.
दुसरा उशीर : दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात होणारा.
तिसरा उशीर : पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होणारा.

आपल्या भागाचं उदाहरण घ्या. राजूर हे जालना-भोकरदन रस्त्यावरचं गाव. इथून जालन्याला जायला वाहन मिळतं. पण आसपासच्या वस्तीवर रात्री अकरा वाजता एखाद्या बाईला रक्तस्राव सुरू झाला तर काय होतं? "सकाळपर्यंत वाट पाहू", "सासूबाईंना विचारू", "अंगावरून जातंच की" अशा बोलण्यात एक-दोन तास जातात. हा पहिला उशीर. मग गाडी कोणाची, पैसे कोणाकडे, तिथे जेवढा वेळ जातो तो दुसरा उशीर. तिसरा उशीर सरकारी यंत्रणेच्या हातात आहे. पहिले दोन मात्र बऱ्याच अंशी घरात ठरतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत गाडी, पैसा आणि "चला" हा शब्द आजही पुरुषाच्या हातात असतो. हे बरोबर आहे असं नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे. म्हणून त्या पुरुषाला काय कळतं याला महत्त्व येतं.

शिकलेला नवरा नेमकं काय बदलतो?

१) कार्ड वाचता येतं. गरोदर बाईला 'माता व बाल संरक्षण कार्ड' मिळतं. त्यात तपासणीच्या तारखा, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि धोक्याची लक्षणं लिहिलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, तर स्त्रियांची सुमारे ६१ टक्के. म्हणजे बऱ्याच घरांत ते कार्ड वाचू शकणारा माणूस नवराच होता. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे गरोदरपणातला रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर, एवढं त्याला कळलं तरी "अशक्तपणा सगळ्याच बायकांना असतो" हे वाक्य घरातून निघून जातं.

२) पैसा आणि कागदपत्रं. शिक्षणाने थोडी स्थिर कमाई मिळण्याची शक्यता वाढते. त्याशिवाय सरकारी योजना मिळवणं सोपं जातं. 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम' २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, गरज पडली तर सिझेरियन, औषधं, जेवण आणि वाहन हे त्यात मोफत आहे. 'प्रधानमंत्री मातृ वंदना योजने'त पहिल्या बाळंतपणासाठी ५ हजार रुपये मिळतात. त्यासाठी वेळेत नोंदणी, आधार, बँक खातं हे सगळं लागतं. फॉर्म भरता येणारा आणि "हे मोफत आहे ना?" असं विचारू शकणारा माणूस सोबत असला तर काम होतं.

३) दवाखान्यात बोलता येतं. शाळेत गेलेल्या माणसाला अनोळखी अधिकाऱ्यासमोर उभं राहून प्रश्न विचारायची थोडी तरी सवय झालेली असते. "गोळी कधी घ्यायची?", "सूज आली तर काय करायचं?" हे विचारायला धीर लागतो. तो धीर शाळा देते, निदान द्यायला हवा.

४) नवरा-बायकोत बोलणं होतं. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० अशा लोहाच्या गोळ्या सरकारकडून मिळतात. पण गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते, "गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग बाळंतपण अवघड जातं" असं कोणी सांगतं, आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. घरात दोघं मोकळेपणाने बोलत असतील तर ती गोळी बंद होण्याचं कारण बाहेर येतं आणि आशाताईपर्यंत जातं.

५) लग्नाचं वय आणि दोन मुलांमधलं अंतर. शिकणाऱ्या मुलाचं लग्न उशिरा होतं आणि त्याला साधारणपणे शिकलेली, थोड्या मोठ्या वयाची बायको मिळते. पाळणा लांबवण्याचा विचारही तिथे सोपा जातो. मात्र यात आपण पुरुष फार मागे आहोत. पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४९ टक्के विवाहित स्त्रियांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेली होती आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं ०.४ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही हे चित्र आहे. यात शिकलेले नवरेही आलेच.

मग सगळं श्रेय शिक्षणाचंच का?

इथे थोडं थांबून विचार करू. शिकलेल्या नवऱ्याच्या बायकोची तब्येत चांगली दिसते, पण कदाचित त्या घरात पैसा जास्त असेल. कदाचित ते घर रस्त्यालगत असेल. कदाचित बायको स्वतःच बारावी झालेली असेल. मग फरक नेमका कशाने पडला?

अभ्यासक यासाठी सारख्या घरांची तुलना करतात. समजा दोन घरं आहेत. जमीन सारखी, बायको दोन्हीकडे सातवी शिकलेली, गावही एकच. फरक एवढाच की एक नवरा चौथीत शाळा सोडलेला आणि दुसरा पदवीधर. अशी हजारो घरं घेऊन तुलना केली की विकसनशील देशांत साधारण असं दिसतं : नवऱ्याच्या शिक्षणाचा परिणाम तपासण्यांवर आणि दवाखान्यातल्या बाळंतपणावर होतो, पण पैसा आणि बायकोचं शिक्षण बाजूला काढलं की तो कमी होतो. बायकोच्या स्वतःच्या शिक्षणाचा परिणाम बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो. म्हणून "मुलगा शिकला म्हणजे झालं, मुलीला कशाला पुढे शिकवायचं" असा अर्थ कोणी काढू नये. दोघांचं शिक्षण एकमेकांना जोड देतं.

पदवी असून भागत नाही : आनंदीबाईंची गोष्ट

डॉ. आनंदीबाई जोशी आपण पाठात शिकवतो. त्यांची गोष्ट या विषयाच्या अंगाने पुन्हा वाचण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झालं. गोपाळराव शिकलेले होते, पोस्टात नोकरीला होते, आणि बायकोने शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. तरीही आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या. ते बाळ दहा दिवसांत गेलं, आणि वैद्यकीय मदतीचा तो अभाव त्यांच्या मनात राहिला. त्या अमेरिकेत गेल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसाव्या वर्षाच्या आतच, क्षयाने त्यांचं निधन झालं.

या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. नवऱ्याच्या शिक्षणामुळे आणि आग्रहामुळे एक मुलगी डॉक्टर झाली. आणि त्याच शिकलेल्या नवऱ्याच्या घरात ती चौदाव्या वर्षी बाळंतही झाली. त्या काळची शाळा इंग्रजी, हिशोब, कायदा शिकवत होती. बायकोचं शरीर कोणत्या वयात बाळंतपण सोसू शकतं, हे तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलींचं वय १० वरून १२ करणारा. त्यालाही विरोध करणाऱ्यांत चांगले शिकलेले पुरुष होते.

याच्या उलट उदाहरण र. धों. कर्वे यांचं. ते गणिताचे प्राध्यापक. वारंवारच्या बाळंतपणांनी बायकांचे हाल होतात हे त्यांनी ओळखलं, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. पदवी त्या काळात इतरांकडेही होती. फरक पडला तो विषय समजून घेण्याने आणि त्यावर उघड बोलण्याने.

पुरुषांना सोबत घेतलं तर काय होतं?

म्हणजे शाळेतली वर्षं मोजून पुरेसं नाही, बाळंतपणाबद्दलची माहिती वेगळी द्यावी लागते. ती नवऱ्यालाही दिली तर काय होतं, याचा एक चांगला प्रयोग नेपाळमध्ये झाला. काठमांडूच्या प्रसूतिगृहात येणाऱ्या ४४२ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्या गटात नवरा-बायको दोघांना आरोग्याची माहिती दिली, दुसऱ्यात फक्त बायकोला, तिसऱ्यात कोणालाच विशेष माहिती दिली नाही. २००७ मध्ये निष्कर्ष आले. दोघांना एकत्र शिकवलेल्या गटातल्या स्त्रिया बाळंतपणानंतरच्या तपासणीला इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त प्रमाणात आल्या. काहीच माहिती न दिलेल्या गटाच्या तुलनेत बाळंतपणाची पूर्वतयारी करणाऱ्यांचं प्रमाणही त्यांच्यात जवळपास दुप्पट होतं. दवाखान्यात बाळंतपण होण्याच्या प्रमाणात मात्र तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. प्रयोग शहरातला आहे, तरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे फक्त बायकोला सांगून जे घडलं नाही ते दोघांना सांगून घडलं.

आपल्या जवळचं उदाहरण जामखेडचं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून त्यांनी तयार केलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण गावात जम बसवताना त्यांनी पुरुषांची शेतकरी मंडळंही उभी केली. पाणी, पिकं, जनावरं या पुरुषांच्या जिव्हाळ्याच्या विषयांसोबत आरोग्यावर बोलणं सुरू झालं, आणि बायकांच्या कामाला गावातून पाठबळ मिळायला मदत झाली.

एक सावधगिरी मात्र हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये गरोदरपणात पुरुषांना सामील करून घ्यावं अशी शिफारस केली, पण अट घातली : स्त्रीची निवड आणि तिचा निर्णयाचा हक्क राखूनच. नवरा सोबत आला आणि डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं, बाई गप्पच राहिली, तर तो सहभाग कामाचा नाही.

जिथे शिक्षण एकटं कमी पडतं

आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. जोडीने उचल घेतलेली असते. बाई गरोदर आहे म्हणून ती थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. अशा ठिकाणी नवरा दहावी शिकलेला असला, त्याला सगळं कळत असलं, तरी त्याचे हात बांधलेले असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचंही तेच. म्हणून मजुरी, रस्ता, दवाखान्यातले डॉक्टर हे प्रश्न "लोक अडाणी आहेत" असं म्हणून सोडून देता येत नाहीत.

आणखी एक आपल्याकडची रीत म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती माहेरी जाते आणि नवऱ्याची जबाबदारी जणू संपते. कार्ड सोबत दिलं का, माहेरच्या आशाताईला कळवलं का, रक्तगट लिहून ठेवला का, रात्री गाडीची सोय कोण करणार, हे विचारायला माहेरी राहावं लागत नाही. फोन पुरेसा आहे.

वर्गात काय करता येईल?

आज सातवी-आठवीत बसलेला मुलगा दहा-बारा वर्षांनी कोणाचा तरी नवरा असेल. तोपर्यंत त्याला कोणीच हे सांगणार नाही, कारण "बायकांच्या गोष्टीत पुरुषाचं काय काम" हे त्याने ऐकलेलं असतं. खाली दिलेले उपक्रम मुलगे-मुली दोघांनी एकत्र करायचे आहेत. वेगळा तास लागत नाही.

• गणित : रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या किती महिने पुरतील? १०० गरोदर स्त्रियांपैकी ४६ रक्तक्षयी, तर ५० मागे किती? शेकडेवारी शिकवताना हीच उदाहरणं घ्या.

• विज्ञान : रक्त आणि लोह शिकवताना बाजरी, हरभऱ्याची भाजी, शेवगा, तीळ, गूळ यांची यादी करा. सोबत लिंबू खाल्लं तर लोह जास्त शोषलं जातं आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी, हेही सांगा. घरात चहा कधी होतो हे मुलं लगेच सांगतात.

• मराठी : आशाताईंना शाळेत बोलवा. मुलामुलींनी मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून काढायचे. कोणाच्या घरची खासगी माहिती विचारायची नाही, एवढा नियम ठेवा.

• परिसर अभ्यास : गावापासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जालन्याचं स्त्री रुग्णालय यांचा नकाशा काढा. प्रत्येक ठिकाणी जायला किती वेळ लागतो ते लिहा. १०२ आणि १०८ हे क्रमांक नकाशावर मोठ्या अक्षरात हवेत.

• दिनदर्शिका : राजुरेश्वराची चतुर्थी कधी आहे हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची विशेष तपासणी असते. ही मोहीम २०१६ पासून सुरू आहे. वर्गातल्या कॅलेंडरवर ९ तारखेभोवती गोल करून ठेवा.

पालकांसाठी, खास करून बाबांसाठी

घरात कोणी गरोदर असेल तर एवढं करा. पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी करा. कार्ड स्वतः वाचा आणि तिच्यासोबत बसून वाचा. निदान एका तपासणीला सोबत जा, पण उत्तरं तिला देऊ द्या. अंगावरून रक्त जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, कळा येण्याआधी पाणी जाणं, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही झालं तर कोणाला विचारत बसू नका, लगेच निघा. आणि बाळ झाल्यावर सगळं लक्ष बाळाकडे वळतं तेव्हा बाळंतिणीचं जेवण, गोळ्या आणि झोप यांकडे बघणारा एक माणूस घरात असू द्या. आशाताई बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. त्या येतील तेव्हा तुम्हीही घरी थांबा.

पालकसभेला बाबा कमी येतात, आणि आले तरी प्रश्न गुणांचाच असतो. पुढच्या सभेत दहा मिनिटं या विषयाला देऊन पाहा. सुरुवातीला मागच्या रांगेत कुजबुज होईल, कोणी हसेलही. कार्ड हातात दिलं आणि "यातलं हिमोग्लोबिन शोधा" म्हटलं की सगळे वाचायला लागतील. वाचता येणं ही आपल्या शाळेनेच दिलेली गोष्ट आहे, ती या कामाला लावायची आहे.

तुमच्या शाळेत असा काही उपक्रम झाला असेल तर जरूर कळवा.